पत्रमैत्रीवरचा शब्दखेळ: वाट न बघता पत्र कळतं का?

पाटीपेन्सिल:
'लेटर्स – अ रिटन अ‍ॅडव्हेंचर' हा स्विस स्टुडिओचा खेळ नुकताच खेळले. नव्वदच्या दशकातली सारा पत्रमैत्रिणीला पत्रं लिहिते. आपण छोटीशी सारा होऊन त्या पत्राच्या ओळींवरून चालायचं, एखादा शब्द उचलायचा, दुसरीकडे नेऊन टाकायचा, की अडलेली वाट मोकळी होते. पत्रात काय लिहायचं हेही काही ठिकाणी आपणच निवडतो. सारा मोठी होते तसे कागद जाऊन ईमेल आणि चॅट येतात.

माझ्या मते पत्रलेखन या खेळाला नेमकं कळलंय. "बाबांची नोकरी गेली" असं मनात घोळवत बसायचं आणि शेवटी "बाबा सध्या घरीच असतात" एवढंच लिहून पाकीट चिकटवायचं, हे मी तेराव्या वर्षी केलंय. शब्द बदलता बदलताच मी मोठी झाले.

रानवारा:
मला नाही पटत. पत्रमैत्री म्हणजे आधी वाट बघणं. फिनलंडमधल्या तुर्कू शहरातून 'इंटरनॅशनल यूथ सर्व्हिस' १९५२ ते २००८ पत्रमित्र जुळवून द्यायची. मला तिथूनच मैत्रीण मिळाली. माझं पत्र जाऊन तिचं उत्तर हातात पडेपर्यंत दीड महिना सहज जायचा. एकदा वर्गातल्या मैत्रिणीशी भांडण झालं म्हणून मी रडून चार पानं लिहिली. त्यावर समजूत घालणारं पत्र आलं तेव्हा आम्ही दोघी पुन्हा एका डब्यात जेवत होतो! दीड महिन्यापूर्वीची मी मलाच केवढी लहान वाटले. मोठं होणं मला तिथे कळलं. खेळात कोडं सुटलं की गोष्ट लगेच पुढे सरकते. मग उरलं काय?

काजवा:
@रानवारा, तुमचं भांडण वाचून माझीही पत्रं आठवली. पण एक सांगा, तुम्ही लिहिलेली ती चार पानं आज कुठे आहेत? तिच्याकडे. आपल्याजवळ राहतात ती समोरच्याची पत्रं. आपलं बालपण कुठल्यातरी परक्या घराच्या कपाटात असतं, किंवा रद्दीत गेलेलं असतं. हा खेळ साराची स्वतःची पत्रं समोर ठेवतो, खोडाखोडीसकट. ते आपल्या कुणाच्याच वाट्याला आलं नाही. एवढ्यासाठी वाट बघणं सुटलं तर मला चालेल.

अनुस्वार:
थोडं विषयांतर, पण हा खेळ मराठीत होणार नाही असं मला वाटतं. इंग्रजी शब्द उचलून दुसरीकडे ठेवला तरी बहुधा तसाच राहतो. आपला 'झाड' शब्द 'वर'जवळ नेला की 'झाडावर' होतो, 'पाणी' 'त'ला लागलं की 'पाण्यात'. कोड्याचा तुकडाच बदलला तर कोडं बसवणार कसं?

पाटीपेन्सिल:
@अनुस्वार, उलट तीच तर गंमत येईल! शब्द नव्या जागी जाऊन बदलतो, यापेक्षा मोठं होण्याचं चांगलं कोडं कोणतं? आणि मायना विसरलात. वडिलांना 'तीर्थरूप' लिहायचं, धाकट्याला 'चि.'. शाळेत यावर गुण कापले जायचे. एक अख्खा टप्पा मायन्यावर होईल.

अनुस्वार:
मायन्याचं मान्य. सामान्यरूपाबद्दल शंका कायम. ते संगणकाला नियमांत बसवून द्यायला कुणीतरी जीव ओतायला हवा.

रानवारा:
@काजवा, काल रात्री माळ्यावरून बिस्किटांचा डबा काढला. तिची एकोणीस पत्रं आहेत, माझं एकही नाही. तुमचं म्हणणं मनाला लागलं. तरी वाट बघण्याबद्दल माझं मत तेच आहे. खेळणाऱ्याला एका पत्रासाठी निदान एक दिवस थांबवून बघा म्हणावं. आणि तिच्या शेवटच्या पत्रात एक प्रश्न आहे, त्याचं उत्तर मी कधी लिहिलंच नव्हतं. जुन्याच पत्त्यावर आज पाठवतेय.