‘देअर्स ऑलवेज टुमॉरो’: कृष्णधवल असण्याचेच मोल

हॉलिवूडचे दिग्दर्शक डग्लस सर्क यांच्या रंगीत चित्रपटांपुढे त्यांचाच १९५६चा ‘देअर्स ऑलवेज टुमॉरो’ कृष्णधवल असल्यामुळे दुय्यम ठरतो, असे एक मत मांडले जाते; त्याच्याशी मी सहमत नाही. खेळण्यांचा कारखानदार असलेला नायक स्वतःच्याच घरात कुणाच्या खिजगणतीत नसतो; रसेल मेटी यांच्या छायाचित्रणात कठड्यांच्या आणि खिडक्यांच्या सावल्या त्याच्याभोवती गजांसारख्या उभ्या राहतात, आणि हा कोंडमारा रंगांत इतका धारदार उतरला असता असे मला वाटत नाही. त्याच्या खेळण्यांमधला तो चालणारा यंत्रमानव तर एकदा पाहिल्यावर विसरता येत नाही.

बार्बरा स्टॅनविक आणि फ्रेड मॅकमरे या जोडीचा हा चौथा आणि शेवटचा चित्रपट असल्याने, याच जोडीच्या ‘डबल इन्डेम्निटी’ची पोस्टरे जमवणाऱ्या संग्राहकाने याकडेही वळायला हवे. मूळ पोस्टर ओळखताना खालच्या कडेला नॅशनल स्क्रीन सर्व्हिस या अमेरिकेतील पोस्टर-वितरक कंपनीचा ५६ने (म्हणजे १९५६ या सालाने) सुरू होणारा क्रमांक अवश्य पाहावा. त्या काळी बहुतेक पोस्टरे घड्या घालूनच चित्रपटगृहांकडे जात असत, त्यामुळे घड्यांच्या खुणांना दोष मानू नये. उलट, अजिबात घडी नसलेली प्रत समोर आली तर ती नंतर छापलेली नक्कल तर नाही ना, हे अधिक बारकाईने तपासावे.