'समाधानी' माणूस प्रयत्न करतो की नाही?

प्रश्न : स्वतःत सुधारणा करत राहणारा, पण आहे त्या स्वतःवर नाराज नसलेला, अशा माणसाला काय म्हणावं? 'समाधानी' म्हटलं की हातपाय गाळलेला वाटतो, 'महत्त्वाकांक्षी' म्हटलं की अस्वस्थ. 'अल्पसंतुष्ट' तर टोमणाच.

उत्तर : 'समाधानी'च म्हणा. खोट शब्दात नाही, त्याला जोडलेल्या क्रियापदात आहे. समाधान 'वाटतं' तेव्हा काही कमी पडलेलं नसतं. समाधान 'मानलं' की समजावं, हवं ते हुकलं. 'उपविजेतेपदावर समाधान मानावे लागले' हे खेळाच्या बातमीतलं वाक्य बघा, त्यात आनंद कुठे आहे? आणि समाधान 'होतं' ते शंकेचं. मूळ सम् + आ + धा, म्हणजे नीट एकत्र ठेवणं. वेदान्तातल्या शमादी षट्कात, म्हणजे साधकाने अंगी बाणवायच्या शम, दम वगैरे सहा गुणांत, समाधान म्हणजे चित्ताची एकाग्रता. थांबण्याचा अर्थ 'मानणे'ने आणला.

आणखी एक जण : प्रगतिपुस्तकातल्या 'समाधानकारक' शेऱ्याचं काय? तो वाचून समाधान पावलेले पालक माझ्या तरी पाहण्यात नाहीत.

उत्तर : पटलं, तिथे क्रियापदाशिवायच घसरण झालीय. 'संतोष' त्या मानाने बचावला. योगसूत्रांत (२.३२) पाच नियम आहेत : शौच, संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान. संतोषाला लागूनच तप! दोन्ही एकाच माणसाने पाळायचे आहेत.

तिसरे : उलट बाजूही बघा. टिळकांना आपण 'असंतोषाचे जनक' गौरवाने म्हणतो, 'असमाधानी' मात्र कुणालाच गौरवाने म्हणत नाही. असंतोष कशाबद्दल तरी असतो, ते बदललं की तो शमतो. असमाधान अंगवळणी पडतं.

प्रश्नकर्ता : छान. आणि 'आत्मस्वीकार'? मला तो भाषांतरित वाटतो.

उत्तर : आहेच थोडा. पण 'पत्करणे'पेक्षा बरा; आपण पत्करतो ती हार, नाहीतर जोखीम. बोलताना एवढा जड शब्द लागतच नाही. 'मी असा आहे' हा स्वीकार झाला. 'मी असाच आहे' हा आडमुठेपणा. एका 'च'ने सुधारणेचं दार लागतं.

प्रश्नकर्ता : तरी एकच शब्द हवा होता. 'कृतार्थ' चालेल?

तिसरे : नको हो, तो निवृत्तीच्या सत्कारासाठी राखून ठेवलेला आहे!