प्रतिसाद: गरी आणि कॅमेरा, दोन्ही न्याच

वर एकांनी लिहिलंय की हिमाचलमधल्या तीर्थन नदीवर ट्राउट मासा पकडायला जाताना कॅमेरा घरीच ठेवा, नाहीतर एक ना धड भाराभर चिंध्या. मला नाही पटत. गरवताना आपण काठाने गुपचूप सरकतो, बराच वेळ एका जागी थांबतो, आणि पक्षी आपल्याला विसरतात. ब्राऊन डिपर हा ओढ्याकाठचा तपकिरी पक्षी समोरच्या धोंड्यावर उठाबशा काढल्यासारखा खालीवर होतो, मग थेट फेसाळ पाण्यात बुडी. चोचीत अळी घेऊन वर येतो तेव्हा शटरचा वेग १/१००० सेकंदापेक्षा कमी नको.

लेन्सवर लावायचा पोलरायझर फिल्टर मात्र हवाच. पाण्यावरची चकाकी जाते, मग तळाशी प्रवाहाकडे तोंड करून थांबलेला ट्राउट दिसतो. फोटोलाही उपयोग, गरीलाही.

मासा सोडून देणार असाल तर आधी हात ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. कॅमेरा तयार असेल तेव्हाच त्याला पाण्याबाहेर उचला, तेही दोन-तीन सेकंद. परवाना काढा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे ट्राउट पकडायला बंदी असते, कारण तो अंडी घालायचा काळ.

सराव आपल्या गोव्यातच होतो. पहाटे रायबंदरहून फेरीने चोडणला जा. तिथल्या सलीम अली पक्षी अभयारण्यात गरी न्यायची नाही, फक्त कॅमेरा. खारफुटीतला खंड्या टिपायला जमला की डिपरही जमेल. परत आल्यावर लेन्स सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. आपल्या पावसाळ्यात माझ्या एका लेन्सला बुरशी लागली, ती गेलीच नाही.