काश्मीर ग्रेट लेक्स: सॅक घोड्यावर टाकणाऱ्यांना ट्रेकर म्हणायचं का?

सह्यकडा

सरळच मांडतो, नंतर शिव्या घाला. हिमालयातल्या सरोवरांच्या ट्रेकवर सॅक घोड्यावर टाकायची जी सोय असते, ज्याला सगळे 'ऑफलोडिंग' म्हणतात, ती बंद व्हायला हवी. निदान धडधाकट माणसांसाठी तरी.

उदाहरण काश्मीर ग्रेट लेक्सचं घेतो, कारण दर मोसमात पुण्या-मुंबईची अर्धी पब्लिक तिकडे असते. सोनमर्गजवळ शितकडीहून चढायला सुरुवात, निचनाई खिंड ओलांडून विशनसर आणि किशनसर, मग गडसर खिंड (जवळपास ४,२०० मीटर, सगळ्या वाटेवरची सर्वात उंच जागा), पलीकडे गडसर, सातसर, शेवटी हरमुखच्या पायथ्याशी नंदकोल आणि गंगाबल, आणि नारानागला उतार. साधारण ७० किलोमीटर. वाट अवघड नाही, दोरबीर लागत नाही. लागतो तो दम. आणि नेमका तोच लोकांना भाड्याने हवा असतो.

पाठीवर आपलं ओझं असलं की माणूस घरीच विचार करतो. तिसरी जीन्स, ड्रोन, 'लागलीच तर' म्हणून घेतलेले दुसरे बूट हे सगळं कपाटात राहतं. घोडा आहे म्हटलं की सगळं निघतं. मग घोडे वाढतात, तंबू वाढतात, आणि विशनसरच्या काठावर जत्रा भरते. भर पावसात राजगड-तोरणा करणाऱ्या माणसाला दहा किलो जड नाहीत. ज्याला जड आहेत त्याने वर्षभर पर्वती चढावी, मग यावं. सरोवर कुठे पळून जात नाही.

तंबूवाली

सॅक तुमच्या पाठीवर, मान्य. जेवणाचा तंबू कोणाच्या पाठीवर?

कंपनीबरोबर जाणाऱ्या वीस जणांच्या गटामागून काय काय येतं ते एकदा तळावर उभं राहून बघा. गॅसचे सिलिंडर, शेगड्या, कुकर, तांदूळ-डाळ-अंडी, राहायचे तंबू, स्लीपिंग बॅगा, मॅट, टॉयलेटचे तंबू, काही ठिकाणी तर जेवणाच्या तंबूत खुर्च्या. हे सगळं खेचरांवरच येतं. त्यात चार जणांनी आपापल्या सॅक टाकल्या तर एखाद-दुसरं खेचर वाढतं. तुम्ही दहा किलो वाहून जे वाचवलंत ते संध्याकाळी गरम सूप आणि पॉपकॉर्न खाऊन फेडता.

स्वतःचं स्वतः वाहणं म्हणजे स्वतःचा तंबू, स्वतःचा स्टोव्ह, सहा-सात दिवसांचा शिधा. तसे जाणारे आपल्यात किती? गॅसचा कॅन विमानात नेता येत नाही म्हणून श्रीनगरात शोधत फिरण्यापासूनच बहुतेकांचा उत्साह मावळतो. ते करणाऱ्याने मला ऑफलोडिंगवर भाषण दिलं तर ऐकून घेईन. बाकीच्यांचा अभिमान सॅकपुरताच आहे.

सातारी तडका

तंबूवाली +१. आणि पॉपकॉर्नचा उल्लेख आल्यामुळे मी इथे बसून राहणार.

गंमत सोडून एक सांगतो. त्या भागात मोसम असतो जुलै ते सप्टेंबर. नंतर खिंडी बर्फाखाली. त्या दोन-तीन महिन्यांत घोडेवाला जे कमावेल त्यावर वर्ष काढायचं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामचा हल्ला झाला, सरकारने काश्मीरमधली ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळं बंद केली. तेव्हा आपण फक्त बुकिंग रद्द केलं आणि रिफंडचे मेल पाठवले. त्या हल्ल्यात पर्यटकांना वाचवायला गेला आणि जिवानिशी गेला तोही घोडेवालाच होता. आपल्या पाठीचा अभिमान जपण्यासाठी त्याच्या पोटावर पाय द्यायचा, हे मला पटत नाही.

सह्यकडा

सातारी, त्या माणसाबद्दल मलाही तितकाच आदर आहे. पण म्हणून घोड्यांची संख्या कितीही वाढू द्यायची, हे त्यातून निघत नाही. पैसे स्थानिक माणसाला मिळायला हवेत ना? मग वाटाड्या घ्या, स्वयंपाकी घ्या, हमाल घ्या. कुरणावर खुरांनी एकदा वाट पडली की पावसात तिचा ओढा होतो, शेजारी दुसरी वाट पडते. गडसरच्या उतारावर एकाला एक लागून चार-चार पायवाटा आहेत, त्या माणसांनी एकट्यांनी पाडलेल्या नाहीत.

तंबूवाली, मुद्दा चांगला आहे, पण तो माझ्याच बाजूचा आहे. आधी सॅक, मग खुर्च्या.

ऑक्सिमीटर

वैद्यकीय बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो.

मुंबईचा माणूस समुद्रसपाटीवरून विमानात बसतो, श्रीनगरला (सुमारे १,६०० मीटर) उतरतो, दुसऱ्या दिवशी सोनमर्गला २,७०० च्या आसपास झोपतो आणि तिसऱ्या रात्री निचनाईच्या तळावर साडेतीन हजारांच्या घरात असतो. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वसाधारण सल्ला असतो. हा कार्यक्रम मुळातच त्या सल्ल्याच्या काठावरून चालतो. नव्या उंचीवर पहिल्या एक-दोन दिवसांत अतिश्रम केले तर विरळ हवेचा त्रास व्हायची शक्यता वाढते. सह्याद्रीतला तुमचा दम इथे फारसा कामी येत नाही. उलट तगडी पोरंच जोरात चढतात आणि रात्री डोकं धरून बसतात.

शिवाय शेवटचा दिवस. गंगाबलहून नारानाग म्हणजे एका दिवसात हजार मीटरहून जास्त उतार. पंचावन्नच्या माणसाच्या गुडघ्यांना पाठीवरचे दहा किलो तिथे खरे कळतात. त्याने सॅक घोड्यावर टाकली तर तो कमी प्रतीचा ट्रेकर होत नाही. 'धडधाकट' कोण, हे कोण ठरवणार? फॉर्मवर सगळेच धडधाकट असतात.

सह्यकडा

डॉक्टर, मग सुरक्षेचंच बोलू. जून २०२४, सहस्रताल, उत्तरकाशी. कर्नाटकातून गेलेल्या गटाचे २२ जण सरोवर पाहून परतताना हिमवादळात सापडले, रात्र उघड्यावर काढावी लागली, ९ जण दगावले. जवळपास ४,४०० मीटरवर माणसाजवळ गरम कपडे आणि डोक्यावर आडोसा नसेल तर काही तासांत खेळ संपतो. सॅक घोड्यावर गेली की पाठीवर काय उरतं? पाण्याची बाटली, चिक्की आणि पन्नास रुपयांचा रेनकोट. घोडा पुढच्या तळावर पोचलेला, तुम्ही खिंडीच्या अलीकडे अडकलेले.

तंबूवाली

हे उदाहरण इथे बसत नाही. ते लोक तळावरून सरोवरापर्यंत जाऊन परत तळावरच येत होते. अशा दिवशी ज्याची सॅक स्वतःची असते तोही ती तंबूत ठेवूनच निघतो. कोणीच बारा किलो घेऊन सरोवर बघायला जात नाही. म्हणजे त्या दिवशी घोडे असते-नसते तरी पाठीवर छोटी पिशवीच असती.

त्यातून निघतं ते वेगळंच. छोट्या पिशवीत काय असलंच पाहिजे याची सक्ती हवी: डाऊन जॅकेट, खरा रेनकोट, कोरडे मोजे आणि हातमोजे, टॉर्च, दोघांत मिळून एक अंगाची ऊब धरून ठेवणारं चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेट. निघताना लीडरने पिशवी उघडून बघावी. हे सगळं तीन-साडेतीन किलोत बसतं आणि ऑफलोड करणाऱ्यालाही झेपतं. नऊ माणसं गेली ती हवामान आणि परतायची वेळ यांच्या गणितात. त्यांच्या जिवावर सॅकचा वाद जिंकू नका.

सिएराकर

कॅलिफोर्नियातून लिहितोय. इथे सिएरा नेवाडात तीन-साडेतीन हजार मीटरवर अशी सरोवरं शेकड्यांनी आहेत आणि बहुतेक लोक सगळं स्वतःच्याच पाठीवर नेतात. पण सह्यकडांना वाटतं तसं ते अभिमानापोटी चालत नाही. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी रोज किती माणसं सोडायची याचा कोटा असतो, गटात जास्तीत जास्त १५ जण. बऱ्याच भागांत अन्न अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात नेणं सक्तीचं. तो रिकामा डबाच किलोभराच्या वर. शौचाला पाण्यापासून ६० मीटर लांब जायचं, वीतभर खोल खड्डा करायचा, कागद परत आणायचा. माउंट व्हिटनीच्या भागात तर विष्ठाही पिशवीत भरून खाली आणावी लागते. हो, आपले देशी लोकही आणतात, तोंड वाकडं करत.

आणि खेचरं इथेही आहेत! परवानाधारक खेचरवाले सामान सरोवरापर्यंत पोचवून देतात. सामान खेचरावर देणाऱ्यांना कोणी ट्रेकर नाही म्हणून हिणवत नाही. खेचरांवरही आकडा असतो, इतकंच.

जाता जाता: इथल्या उंचावरच्या बहुतेक सरोवरांत मुळात मासेच नव्हते. गेल्या दीडशे वर्षांत हौशी मासेमारीसाठी ट्राउट आणून सोडले आणि त्यांनी बेडकांच्या जाती संपवत आणल्या. आता राष्ट्रीय उद्यानवाले जाळी लावून तेच ट्राउट काढतायत. काश्मीरमध्येही ट्राउट इंग्रजांनीच आणले. तेव्हा 'अस्पर्श सरोवर' वगैरे लिहिताना जरा हात आखडता घ्या.

खिंडीतला

खुरांवर एवढी चर्चा चालली आहे तर मेंढ्यांचंही बोला. गुज्जर-बकरवाल हे भटके पशुपालक कितीतरी पिढ्या उन्हाळ्यात याच कुरणांवर शेकडोंचे कळप घेऊन येतात. गडसरपासून सातसरपर्यंत त्यांचे 'कोठे', म्हणजे उन्हाळी झोपड्या, दिसतात. तुमच्या चार घोड्यांनी कुरण मरत असेल तर ते कधीच मेलं असतं.

सह्यकडा

मेंढी वेट वाइप्स टाकत नाही.

आणि बकरवाल एका जागी तीन महिने रोज नवा संडास खणत नाही. आपण खणतो. त्या थंडीत काही लवकर कुजत नाही, पुढच्या वर्षी पावसाने वरची माती गेली की सगळं जसंच्या तसं. उत्तराखंडात हेच झालं. २०१८ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीचा मुक्कामच बंद केला आणि माणसांची संख्या २०० वर बांधली. रूपकुंड या मानवी सांगाड्यांसाठी प्रसिद्ध सरोवराचा नेहमीचा ट्रेक तिथेच संपला. तसंही तिथल्या सांगाड्यांची हाडं लोकांनी आठवण म्हणून पिशवीत घालून नेली होती. काश्मीरवर अशी वेळ यायच्या आत आपणच हात आवरावा, एवढंच म्हणतोय.

तंबूवाली

रूपकुंडचा तो निकाल आल्यावर वाण आणि लोहाजंग या पायथ्याच्या गावांतल्या लोकांचा मोसम गेला, हेही त्याच वाक्यात लिहा. आणि गर्दी घरी बसली का? ज्यांचं रूपकुंड राहिलं त्यांनी दुसरी सरोवरं धरली. एक दार लावलं की लोंढा शेजारच्या दाराने जातो.

मला सिएराकरांचा मार्ग बरा वाटतो. माणशी सामानाचा एकूण आकडा ठरवा. त्यात सॅक आली, स्वयंपाकघर आलं, खुर्च्या आल्या. मग ज्याला सॅक टाकायची त्याने खुशाल टाकावी, बदल्यात त्या गटाचं दुसरं काहीतरी कमी होईल. तंबू काठापासून लांब. हिमाचलातल्या चंद्रतालला तेच आहे: ते रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, तंबू सरोवरापासून दूर लावतात आणि काठावर चालत जावं लागतं. त्याने कोणाचा फोटो बिघडलेला नाही.

सह्यकडा

आकडा ठरवायला माझी हरकत नाही. तो पाळला जातो का हे वर कोण तपासणार? लष्कराच्या चौक्यांवर आधार कार्ड बघतात, त्यांनी आता कुकरही मोजायचे का? सॅकचा नियम सोपा आहे, लांबून दिसतो. पाठीवर आहे किंवा नाही.

आणि आकडा खरंच पाळला तर रात्रीचे गुलाबजाम पहिले जाणार, चालेल?

सातारी तडका

गुलाबजामला हात लावायचा नाही. माझी सॅक मी उचलतो.

ऑक्सिमीटर

यंदाच्या चौकशीसाठी दोन कंपन्यांना मेल टाकला होता. ऑफलोड करायच्या सॅकला वजनाची मर्यादा दोघांकडेही आहे, वर गेलं की जादा पैसे. एका गटामागे स्वयंपाकघराचं आणि तंबूंचं मिळून एकूण किती किलो वर जातं, हेही विचारलं होतं. एकीने उत्तरात पॅकेजची माहितीपत्रिका पाठवली. दुसरीने विचारलं की जेवण जैन हवंय का.