'ग्रीन स्कोअर' बघून कुर्ता घ्यावा का? (इंदूर, बजेट 1500)

सुदामानगरची_आत्या: भाची पर्यावरण विषय घेऊन शिकते. वाढदिवसाला तिला कुर्ता घ्यायचाय, 1500 च्या वर नको. एका साइटवरचा गडद निळा तिला आवडलाय. फोटोखाली पाच हिरवी पानं, त्यातली चार भरलेली, 'पृथ्वीस्नेही' असं लिहिलेलं. कापडाच्या माहितीत मात्र 60 टक्के रिसायकल्ड पॉलिस्टर, 40 टक्के कॉटन. ही पानं देतं कोण? विश्वास ठेवू का? नाहीतर इंदुरात दुसरं काय मिळेल?

नर्मदाकाठ: ताई, सरळ महेश्वर गाठा, 90 किलोमीटर तर आहे. मी दिवाळीला विणकराच्या घरूनच साडी आणली, साडेसहा हजारांना. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा. किनार उलटसुलट दोन्हीकडून सारखी, बुगडी म्हणतात तिला. अशा कापडाला कुणाच्या पानांची गरज नाही.

जेलरोडवाला: त्यांना कुर्ता हवाय, तोही 1500 मध्ये. आणि महेश्वरी म्हणून पॉवरलूमचा मालही सर्रास विकतात. हॅन्डलूम मार्क, म्हणजे हातमागाच्या कापडावरचा सरकारी शिक्का, बघितला होता का?

नर्मदाकाठ: मी माग चालताना डोळ्यांनी पाहिलाय. मार्क कशाला बघू?

पलासिया_प्रिया: माझी फसवणूक झाली आहे म्हणून लिहिते. मॉलमधून 'इको कलेक्शन'चा टॉप घेतला. बाहेर तपकिरी कागदाचा टॅग, सुतळीने बांधलेला. घरी आतली शिवण उलटून बघितली तर 100 टक्के पॉलिस्टर. सुतळीचेच पैसे दिले म्हणायचे. शिवणीतला एक धागा काढून जाळून बघा. सूत असेल तर जळक्या कागदाचा वास येतो आणि राख होते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो.

धागादोरा: मूळ प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही. असे स्कोअर बऱ्याचदा ब्रँडच ठरवतात, किंवा उद्योगाच्याच संस्थेने केलेल्या मोजमापावर बेततात. त्यातलं 'हिग इंडेक्स' सर्वांत गाजलं. ते ब्रँड आणि उत्पादकांच्या आघाडीचं. त्यातल्या कापडाच्या निर्देशांकाच्या आधारावर नॉर्वेची नॉरोना ही कपड्यांची कंपनी आपल्या टी-शर्टची जाहिरात करत होती. जून 2022 मध्ये नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने ती दिशाभूल करणारी ठरवली आणि एच अँड एमलाही ताकीद दिली. त्यानंतर आघाडीने ग्राहकांना दाखवायचे स्कोअर थांबवले. मुख्य खोट अशी की तो निर्देशांक कापड तयार होईपर्यंतचाच हिशोब धरतो. धुताना पॉलिस्टरमधून सुटणारे बारीक तंतू आणि टाकून दिल्यावर त्याचं काय होतं, हे त्यात येतच नाही. म्हणून पॉलिस्टर सुतापेक्षा 'हिरवं' दिसतं.

भिया_इंदौरी: पण कापसाला पाणी किती लागतं भिया! आमचा पॉलिस्टरचा ट्रॅकसूट दहा वर्षं टिकलाय. टिकतं तेच पर्यावरणाचं.

निमाडी_कापूस: आमच्या खरगोनकडे पावसावरचा कापूसही होतो. सगळ्या कापसाला एकच सरासरी लावली की आमचा शेतकरी उगाच बदनाम होतो.

नर्मदाकाठ: म्हणूनच म्हणते, महेश्वर.

धागादोरा: ऑर्गेनिकच हवं असेल तर 'गॉट्स' (GOTS) या सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकाचा शिक्का बघा. नुसतं चिन्ह पुरत नाही. खाली प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं नाव आणि लायसन्स नंबर असतो, तो त्यांच्या साइटवर टाकून तपासता येतो. 'ऑर्गेनिक' लिहायला किमान 95 टक्के सेंद्रिय तंतू लागतात, 'मेड विथ ऑर्गेनिक'ला 70. तरी डोळे उघडे ठेवा. 2020 मध्ये गॉट्सनेच जाहीर केलं होतं की भारतात बनावट कागदपत्रांवर सुमारे 20,000 टन कापूस सेंद्रिय म्हणून दाखवला गेला.

क्लॉथमार्केट_काका: एवढा घोळ कशाला? एम. टी. क्लॉथ मार्केटमधून अडीच मीटर सुती कापड घ्या आणि शिवून घ्या. आमच्याकडे तीन पिढ्या हेच चाललंय. बाग प्रिंट, म्हणजे ठशांनी छापलेलं कापड, हवं तर मृगनयनी या सरकारी दुकानात बघा.

पलासिया_प्रिया: काका, शिंपी वाढदिवसापर्यंत देईल का? माझा ब्लाउज अजून त्याच्याकडेच आहे.

जेलरोडवाला: तक्रारीचंही सांगतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ऑक्टोबर 2024 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. 'ग्रीन', 'इको-फ्रेंडली' असं मोघम लिहिलं तर पुरावा द्यावा लागतो. माहिती टॅगवर मावत नसेल तर क्यूआर कोड किंवा लिंक द्यायची. नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. मी केली होती, नंबर मिळाला, पुढे हालचाल नाही.

सुदामानगरची_आत्या: सर्वांचे आभार. तोच निळा कुर्ता मागवला, 1399 ला. भाचीला रंग आवडलाय आणि ती तो वर्षानुवर्षं घालणार आहे. पण तिला सांगितलं, पानं बघून नाही, रंग बघून घेतलाय. साइटवर लिंक नव्हती, क्यूआर कोडही नव्हता. कंपनीला मेल टाकलाय की चार पानं कुणी दिली आणि कशाच्या आधारावर. चार दिवसांत उत्तर नाही आलं तर 1915 लावणार.

नर्मदाकाठ: आत्या, परतीची मुदत बघून ठेवा.