मदत हवी आहे: पक्ष, विधिमंडळ पक्ष आणि आघाडी यांत फरक कसा करायचा?

नवमतदार:
राजकारणाच्या बातम्या वाचताना गोंधळ होतो. 'नोंदणीकृत', 'मान्यताप्राप्त', 'राष्ट्रीय' हे शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरलेले दिसतात. पक्ष फुटला की चिन्हाचा निकाल एकीकडे लागतो आणि आमदारांच्या अपात्रतेचा दुसरीकडे. शिवाय एकाच आघाडीतले दोन पक्ष शेजारच्या राज्यात एकमेकांविरुद्ध उभे असतात. कोणता पक्ष चांगला हा वाद इथे नको. रचना समजून घ्यायची आहे, सुरुवात कुठून करू?

खडू-फळा:
आधी नोंदणी आणि मान्यता वेगळ्या करा. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम २९-क खाली निवडणूक आयोगाकडे नोंदणी होते. त्यासाठी स्थापनेपासून ३० दिवसांत अर्ज, १०,००० रुपये शुल्क आणि मतदारयादीत नाव असलेले किमान १०० सदस्य लागतात. नोंदणी मिळाली म्हणजे कायमचं चिन्ह मिळालं असं नाही. राखीव चिन्ह मान्यतेनंतरच, आणि मान्यता मतं व जागांवर ठरते. त्याचे नियम १९६८ च्या चिन्ह आदेशात आहेत.

राज्य पक्ष होण्याचे पाच मार्ग आहेत. नेहमी उपयोगी पडणारे दोन लक्षात ठेवा: विधानसभेत ६ टक्के वैध मतं आणि २ आमदार, किंवा एकही जागा नसली तरी राज्यात ८ टक्के मतं. राष्ट्रीय पक्षासाठी तीन मार्ग: चार राज्यांत राज्य पक्ष असणं, चार राज्यांत ६ टक्के मतं आणि लोकसभेच्या ४ जागा, किंवा लोकसभेच्या २ टक्के जागा, म्हणजे ११, किमान तीन राज्यांतून. एप्रिल २०२३ मध्ये 'आप' राष्ट्रीय झाला आणि राष्ट्रवादी, तृणमूल, भाकप यांचा तो दर्जा गेला. दर्जा गेला म्हणून पक्ष संपत नाही. तृणमूलने २०२४ च्या लोकसभेत २९ जागा जिंकल्या.

चिन्हाबाबत एक गंमतीची वाटणारी पण महत्त्वाची गोष्ट: राज्य पक्षाचं चिन्ह त्याच्या राज्यापुरतंच राखीव असतं. म्हणून उत्तर प्रदेशात सायकल समाजवादी पक्षाची, आंध्रात तेलुगू देसमची. बसपाचा हत्ती देशभर चालतो, पण आसाममध्ये तो आसाम गण परिषदेचा.

नवमतदार:
हे कळलं. मग फूट? दोन तृतीयांश आमदार बाहेर पडले की ते सुरक्षित, असंच सगळीकडे वाचलंय.

प्रतोद_टिपण:
इथेच सगळे घसरतात. १९८५ च्या मूळ दहाव्या परिशिष्टात, म्हणजे राज्यघटनेतल्या पक्षांतरबंदी कायद्यात, एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला संरक्षण होतं. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ते काढलं. आता उरलंय फक्त विलीनीकरण. ५४ आमदारांच्या पक्षातले ३६ जण, म्हणजे दोन तृतीयांश, वेगळे बसले, एवढ्याने संरक्षण मिळत नाही. दुसऱ्या पक्षात विलीनीकरण व्हावं लागतं.

म्हणून फुटलेला गट बहुधा 'आम्ही बाहेर पडलोच नाही, मूळ पक्ष आम्हीच' असा दावा करतो. त्यातून दोन वेगळ्या लढाया सुरू होतात. नाव आणि चिन्ह कुणाचं, हे चिन्ह आदेशाच्या परिच्छेद १५ खाली आयोग ठरवतो. शिवसेनेचा निकाल १७ फेब्रुवारी २०२३ ला आला, राष्ट्रवादीचा ६ फेब्रुवारी २०२४ ला. अपात्रता मात्र विधानसभेचे अध्यक्ष ठरवतात. प्रतोद, म्हणजे आमदारांना पक्षाचा आदेश बजावणारा, नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा (सभागृहातल्या आमदारांच्या गटाचा) नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी स्पष्ट केलं. बातमीत 'पक्ष' शब्द आला की संघटना म्हणायचंय की आमदारांचा गट, हे आधी विचारा. निम्मा गुंता तिथेच सुटतो.

व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षादेश, मोडला की आमदारकी गेली, असंही आपोआप होत नाही. पक्षाने १५ दिवसांत ते माफ केलं तर अपात्रता लागत नाही. राज्यसभेच्या निवडणुकीतल्या क्रॉस व्होटिंगला, म्हणजे दुसऱ्या पक्षाच्या उमेदवाराला मत देण्याला, तर दहावं परिशिष्ट लागूच होत नाही.

खडू-फळा:
आघाडीचं थोडक्यात. मतदानयंत्रावर आघाडीचं नाव किंवा चिन्ह नसतं, उमेदवार पक्षाचा असतो. जागावाटप राज्यागणिक ठरतं. २०२४ च्या लोकसभेला काँग्रेस आणि 'आप' दिल्लीत एकत्र होते, पंजाबात समोरासमोर. आघाडी मोडल्याबद्दल दहाव्या परिशिष्टात शिक्षा नाही.

शाई_बोटाला:
पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म राहिला. 'अ' फॉर्म सांगतो की उमेदवारीवर सही करायचा अधिकार कुणाला, 'ब' सांगतो की उमेदवार कोण. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत दोन्ही निवडणूक अधिकाऱ्याकडे पोहोचायला हवेत, सही शाईची, झेरॉक्स चालत नाही. वेळ चुकली तर अर्ज भरलेला माणूसही पक्षाचा उमेदवार ठरत नाही.

आणि मत देताना चिन्ह नीट बघा. २०२४ ला साताऱ्यात राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) चं चिन्ह होतं 'तुतारी वाजवणारा माणूस', तर एका अपक्षाकडे होतं ट्रम्पेट, ज्याचं मराठी नाव छापलं गेलं 'तुतारी'. त्या अपक्षाला विजयाच्या फरकापेक्षा जास्त मतं पडली. चित्र, उमेदवाराचं नाव आणि फोटो, तिन्ही जुळल्यावरच बटण दाबा.