बातम्या वाचून हा विषय येतो?
रोज वर्तमानपत्र नीट वाचलं की आंतरराष्ट्रीय संबंधांचा निम्मा अभ्यास झाला, असं या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय. नाही पटलं. बातमीत घटना कळते; वर्गात वास्तववादी (देश सत्ता आणि स्वार्थ बघून वागतात असं मानणारे) आणि उदारमतवादी (सहकार्य आणि संस्थांवर भर देणारे) अभ्यासक त्याच घटनेवरून का भांडतात ते शिकवतात (आणि ते भांडण बऱ्यापैकी रटाळ असतं!).

मूळ कागदपत्रांचा विषय मात्र इथे कुणी काढला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मतदानाच्या आधी किंवा नंतर देश आपल्या मतामागची कारणं सांगतात. ती इतिवृत्तात येतात, फुकट वाचायला मिळतात. २ मार्च २०२२ चा, रशियाने युक्रेनमधून सैन्य मागे घ्यावं असं सांगणारा ठराव घ्या: बाजूने १४१, विरोधात ५, तटस्थ ३५. बातमी इथेच संपते. त्या तटस्थांपैकी जे बोलले त्यांची भाषणं शेजारी ठेवून वाचा, सगळ्यांची कारणं एकसारखी नाहीत. प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्यांनी तिथूनच सुरुवात करावी.